करड्या कापडाची गाडी

दोन हजार नऊ साली ऑक्टोबरात सेकोंदो गारील्योला ऐंशी पुरी झाली, आणि त्याच महिन्यात त्याची गाडी गेली. चोरीला गेली नाही, विकली नाही, कुठे आपटली नाही. इटलीतल्या तुरीनच्या बोर्गो सान पाओलो वस्तीत, त्याच अंगणामागच्या त्याच गॅरेजात उभी होती. तरी गेली ती गेलीच.

गाडीचं नाव ग्रीजा, म्हणजे करडी. ते शेजारच्या बायकांनी टवाळीनं ठेवलं होतं. एकोणसत्तर साली ती नवी कोरी अंगणात आली तेव्हा बाहेरून करडी, आतून करडी, आणि जास्तीचं म्हणावं असं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. सीटांना करडं लोकरी कापड. काचा हँडल फिरवून खाली-वर करायच्या. रेडिओच्या जागी नुसती पत्र्याची पट्टी, भोक झाकायला.

"नवरा कारखान्यात आणि गाडी अशी नागडी?" बायका सेकोंदोच्या बायकोला, इर्माला, विचारायच्या.

"पुसायला सोपी पडते," इर्मा म्हणायची.

टोमणा झोंबण्यासारखाच होता, कारण इतरांच्या गाड्या नटवणं हेच सेकोंदोचं काम होतं. कारखान्यात गाड्या ओळीनं तयार होत यायच्या, सगळ्या सारख्या. ज्या गिऱ्हाइकानं छापील यादीतलं काही जास्तीचं मागितलेलं असे, त्याची गाडी ओळीतून काढून एका शेडमध्ये नेत. चामडी सीटा, बटणाच्या काचा, रेडिओ, लाकडी स्टिअरिंग, मागच्या काचेला ओढायचा पडदा. सेकोंदोनं तीस वर्षं हे सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांत बसवलं.

त्या शेडच्या काही रीती होत्या. आत शिरताना लग्नाची अंगठी काढून खिशात टाकायची. पट्ट्याचं बक्कल कमरेच्या बाजूला सरकवायचं, रंगावर ओरखडा नको म्हणून. आणि गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायची वेळ आलीच, तर आधी घरचं धुतलेलं फडकं अंथरायचं. ही फडकी इर्मा जुन्या चादरी फाडून, कडा दुमडून शिवून द्यायची. गिऱ्हाइकाच्या गाडीत मोकळेपणानं टेकलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दिसायचा नाही, इतकी ती रीत कडक होती.

ग्रीजात मात्र सेकोंदो धपकन बसायचा. अंगठीसकट, बक्कलासकट, मातीच्या बुटांसकट. रविवारी तिघं लांझोच्या खोऱ्याकडे निघायची. पुढे तो आणि इर्मा, मागे लहानगा वाल्तेर. शहर मागे पडलं की सेकोंदोचा खेळ सुरू व्हायचा.

"हं, काय हुकूम आज? सिन्योरा, आज काय बसवू?"

"पडदा बसवा," इर्मा तोऱ्यात म्हणायची. "ऊन लागतंय आम्हाला."

"पडदा, एक. आणि धाकट्या साहेबांना?"

"बटणाच्या काचा!" वाल्तेर मागून ओरडायचा.

"काचा, चार. चामडं लाल की तपकिरी? आणि रेडिओ?" मग तो पत्र्याच्या पट्टीवर बोटानं टकटक करायचा. "रेडिओ बिघडलाय वाटतं. इर्मा, तू लाग." असं म्हटलं की इर्मा गायला लागायची. तिचा आवाज काही फार गोड नव्हता. घाटात वळणावर सूर हेलकावायचा, आणि सेकोंदो म्हणायचा, "डोंगर आला, स्टेशन नीट लागत नाही."

एकदा त्याच्याच सिगारेटची ठिणगी पुढच्या सीटवर, त्याच्या मांडीजवळ पडली आणि कापडाला भोक पडलं. इर्मानं कापडाचेच धागे आतल्या कडेतून काढून रफू केलं. रफू दिसायचं नाही, पण बोटाला लागायचं. गाडी सिग्नलला थांबली की सेकोंदोचा अंगठा त्याच्यावर फिरत राहायचा. सवयच लागली.

पंचाहत्तरीनंतर त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. ऐंशीच्या आसपास तो इर्माला "बाई" म्हणायचा, अगदी आदबीनं, एखाद्या दुकानात उभा असल्यासारखा. वाल्तेर आला की उठून उभा राहायचा आणि विचारायचा, "तुम्ही वीज मंडळाकडून का?"

पण गॅरेजात नेऊन ग्रीजात बसवला की तो परत यायचा. काय व्हायचं कोण जाणे. धपकन बसायचा, हँडल फिरवून काच उतरवायचा, अंगठा रफूवर जायचा, आणि मग मान वळवून म्हणायचा, "इर्मा, तू अजून उभीच? आणि वाल्तेर कुठे राहिला?" तिथं बसल्यावर तिघांची तिघं असायची. वाल्तेर गाडी चालवायचा नाही त्या वेळी, नुसता मागे जाऊन बसायचा, चाळिशीचा बाप्या गुडघे पोटाशी घेऊन. अर्धा तास, कधी जास्त. मग वर आलं की पुन्हा "बाई, टोपी कुठे ठेवू?"

इर्माचा आठवडा त्या अर्ध्या तासावर चालायचा.

वाल्तेर मात्र बापाचा रविवारचा खेळ विसरला नव्हता. ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होता, हात बापाचेच होते. त्याला वाटायचं, या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना सगळं बसवून दिलं आणि स्वतः दर रविवारी तोंडानं मागत राहिला. ऐंशीव्या वर्षी एकदा तरी त्याला ते मिळू दे.

आणि नेमका तेव्हाच त्याला रावेरा भेटला. रावेरा दातांचा डॉक्टर, पिनेरोलोला मोठं घर, आणि जुन्या गाड्यांच्या मंडळातलं बडं प्रस्थ. त्याच्याकडे त्याच वर्षाची, त्याच बनावटीची निळी गाडी होती. त्याचं दुखणं उलटं होतं. कारखान्याच्या नोंदीप्रमाणे ती निळी जन्मली साधी, करड्या कापडाची. पुढे कुठल्याशा मालकानं दुसऱ्या गाडीतलं लाल चामडं, रेडिओ, पडदा असं सगळं तिच्यात भरलं. रावेराला ती जन्मली तशी हवी होती. मंडळाची सोन्याची पाटी त्याशिवाय मिळत नव्हती. आणि साधं करडं कापड तर आता मिळतच नव्हतं. चामडं लोकांनी जपलं, कापड सगळ्यांनी फेकून दिलं होतं.

"माझीला नटवलंय, तुमचीला नटायचंय," रावेरा वाल्तेरला म्हणाला. "अदलाबदल करू. दोन्ही गाड्यांचं भलं होईल."

वाल्तेरनं आईला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात बान्या काउदा या लसणीच्या गरम कालवणासाठी लसूण सोलत बसली होती. सेकोंदो आतल्या खोलीत झोपला होता.

"रेडिओ बसव, पडदा बसव," ती म्हणाली. "सीटा राहू दे."

"मम्मा, सीटा दिल्याशिवाय तो बाकीचं देणार नाही. आणि लाल चामडं गं! पापा काय म्हणायचा आठवतं ना?"

"तो त्या सीटवर बसला की आपल्याला ओळखतो."

"गाडीत बसला की ओळखतो. गाडी तीच राहणार आहे. इंजिन तेच, चाकं तीच, नंबर तोच. आणि मी बाजारातलं काही घालत नाहीये. सगळं त्याच कारखान्याचं, त्याच वर्षाचं. आपली ग्रीजा अशीही आली असती."

"आली असती. आली नाही."

"आली नाही कारण तेव्हा परवडलं नाही!" वाल्तेरचा आवाज चढला, मग आतल्या खोलीकडे बघून त्यानं तो खाली आणला. "दर रविवारी मागायचा माणूस. तू काय बहिरी होतीस?"

बहिरी नव्हती, तीच तर अडचण होती. एकोणसत्तर साली कारखान्याची ती यादी समोर ठेवून सेकोंदोनं विचारलं होतं, "एखादी तरी गोष्ट घेऊया?" आणि पोटुशी असलेल्या इर्मानं मान हलवली होती. आता तिला वाटलं, आपण कोण दुसऱ्यांदा नाही म्हणणार? तिनं लसणाची सालं गोळा केली. "कर मग," ती म्हणाली. "पण हळू हातानं कर."

सबंध सप्टेंबर वाल्तेर सुटी झाली की गॅरेजात असायचा. काचांच्या वायरीसाठी त्यानं दारांना भोकं पाडली. करड्या सीटा, हँडलं, पत्र्याची पट्टी, सगळं चादरीत गुंडाळून रावेराच्या गाडीतून पिनेरोलोला गेलं. काम फार देखणं झालं. इतकं, की रावेरानं तोंडभर वाखाणलं: "कारखान्यात कुणी एवढं नीट केलं नसतं!"

वाढदिवसाला जेवणं झाली, तोरचेत्ती बिस्किटांची थाळी तशीच ठेवून तिघं खाली उतरली. रावेराही फुलं घेऊन आला होता. वाल्तेरनं गॅरेजचं दार वर सरकवलं.

सेकोंदो उंबऱ्याशी थबकला. लाल चामड्याकडे, लाकडी स्टिअरिंगकडे, पडद्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उजळला, आणि वाल्तेरचे डोळे भरून आले.

मग सेकोंदोनं डाव्या हातातली अंगठी पिळून काढली आणि खिशात टाकली. पट्ट्याचं बक्कल कमरेच्या बाजूला सरकवलं.

इर्माला तिथल्या तिथेच कळलं. वाल्तेरला नाही कळलं.

"बस ना, पापा!"

"फडकं कुठंय?" सेकोंदोनं विचारलं. फडकं कुणाकडेच नव्हतं. त्यानं खिशातला रुमाल काढून झटकला, सीटवर पसरला, पण त्यावरही टेकला नाही. एक गुडघा ठेवून आत वाकला आणि एकेक सांधा बोटानं चाचपत गेला. "काम चांगलं झालंय. कुणाचं?"

"माझं," वाल्तेर म्हणाला.

"नवीन आहेस ना? हात चांगला आहे. या बाजूचा स्क्रू जरा जास्त आवळलास. लाकूड रडतं अशानं." त्यानं वाल्तेरच्या खांद्यावर थोपटलं. "शिकशील."

"पापा, ही तुझी आहे. ग्रीजा. तुझ्या वाढदिवसाला."

सेकोंदो हसला, मग त्यानं घाबरून मागे बघितलं. फुलं घेऊन, सूट घालून रावेरा उभा होता. सेकोंदोनं टोपी काढली. "साहेब, पोराच्या बोलण्यावर जाऊ नका. नवीन आहे. तुमची गाडी तयार आहे, कुणी बसलेलं नाही हिच्यात."

वाल्तेरनं रेडिओ लावला. कुठलंसं जुनं गाणं लागलं.

"बंद कर आधी!" सेकोंदो ओरडला. "बॅटरी गिऱ्हाइकाची आहे!"

त्यानं रुमालानं दाराच्या कडेवरचे आपले ठसे पुसले आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. घरी जायला. त्याची स्वतःची गाडी येण्याची वाट बघत.

त्या दिवसापासून त्याचं खिडकीशी उभं राहणं सुरू झालं. "बाई, आमची करडी कुठे दिसली का तुम्हाला?"

"दुरुस्तीला गेलीय," इर्मा सांगायची.

"मी असताना दुसऱ्याकडे?" तो रुसायचा. उत्तर देणारी बाई आपली बायको आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण गाडी दुसऱ्या हातात गेल्याचा राग मात्र खराखुरा होता.

वाल्तेर म्हणायचा, सवय होईल. दर रविवारी त्याला खाली न्यायचा, दर रविवारी सेकोंदो अंगठी काढायचा. चार-पाच रविवारांनंतर अंगठी खिशातून कुठेतरी पडली. शोधली, मिळाली नाही. हिवाळाभर त्यानं इर्माला नावानं एकदाही हाक मारली नाही.

मे महिन्यात रावेराच्या घरी मंडळाचा मेळावा भरला. निळ्या गाडीची परीक्षा त्या दिवशी होती. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायची त्याला हौस, म्हणून त्यानं वाल्तेरला आग्रहानं बोलावलं. वाल्तेर एकटा ग्रीजा घेऊन गेला. इर्मा सेकोंदोला घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीतून आली, कारण ग्रीजात तो बसत नव्हता.

लॉनवर गाड्या, खुर्च्या, बार्बेरा वाइनचे पेले. ग्रीजाभोवती घोळका होता. "काय यादी आहे! सगळंच घातलंय!" लोक म्हणत होते. इर्मा तिकडे बघत राहिली आणि तेवढ्यात तिच्या हातातला सेकोंदोचा हात सुटला.

तो निळ्या गाडीकडे चालत गेला. दार उघडलं आणि धपकन बसला.

बाहेरून ती निळी होती, पण बाहेरचं त्यानं बघितलंच नव्हतं. हँडल फिरवून काच उतरवली. उजवा अंगठा मांडीजवळ गेला, शोधत, आणि सापडला.

"इर्मा!" त्यानं खिडकीतून हाक मारली. "कुठे होतीस एवढा वेळ? किती ऊन झालंय. वाल्तेरला हाक मार."

इर्मा धावली. ऐंशीला टेकलेली बाई, लॉनवरून लोकांना ढकलत धावली. पलीकडचं दार उघडून शेजारी बसली. सेकोंदोनं पत्र्याच्या पट्टीवर टकटक केलं. "बंदच का रेडिओ?"

ती गायली. आवाज फुटला होता, तरी गायली. वाल्तेर मागच्या सीटवर येऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन. "धाकटे साहेब आले," सेकोंदो म्हणाला. "काय हुकूम?"

वाल्तेरनं पुढच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकवलं.

रावेरा खिडकीशी येऊन वाकला. माणूस वाईट नव्हता. चेहरा पडला होता त्याचा. "सिन्योरा इर्मा, समजतंय मला. पण परीक्षक येताहेत. पाचच मिनिटं, त्यांना जरा उतरवा. मग हवं तेवढं बसा."

"गाडी आमची आहे, साहेब," सेकोंदो म्हणाला. या वेळी त्यानं टोपी काढली नाही.

इर्मानं आणि वाल्तेरनं मिळून त्याला उतरवलं. तो भांडला नाही. उतरून उभा राहिला तेव्हा त्यानं इर्माकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही रडताय का?"

परीक्षा झाली. परीक्षकानं कापडावरून हात फिरवला, रफूवर थांबला, आणि मान डोलावली. पाटी मिळाली. गर्दी पांगल्यावर वाल्तेरनं रावेराला एका बाजूला घेतलं.

"डॉक्टर, सीटा परत द्या. तुमचं सगळं परत घ्या, वर हवं ते मागा."

"अरे, आता कशा देऊ? फोटो निघाले, नोंद झाली. यातलं एक हँडल बदललं तरी पाटी परत करावी लागते. आणि माझ्या गाडीच्या नशिबी हेच कापड होतं, वाल्तेर. ती जन्मली तशी झाली."

"माझं रफू आहे ते," इर्मा म्हणाली. ती मागे येऊन उभी आहे हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"म्हणूनच तर, सिन्योरा!" रावेरा म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "परीक्षकांनी तेवढंच विचारलं. म्हणाले, असलं हातचं काम आता कुठे बघायला मिळतं? अस्सल त्या काळातलं." मग त्याला आपण काय बोललो ते उमगलं असावं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "तुम्ही दर रविवारी या. दार उघडं आहे. मनापासून सांगतो."

मनापासूनच सांगितलं होतं त्यानं. उन्हाळाभर ती तिघं रविवारी पिनेरोलोला जात राहिली. परक्याच्या गॅरेजात, परक्याच्या निळ्या गाडीत, दारं बंद करून बसायची. रावेराची बायको कॉफीचा ट्रे आणून स्टुलावर ठेवायची आणि पाय न वाजवता जायची. सेकोंदो खेळ खेळायचा, इर्मा गायची. पण बसण्याआधी आता इर्मा फडकं अंथरू लागली होती, स्वतःच्या बाजूला. एकदा रावेरा म्हणाला होता, सहज, की कापड घामानं लवकर विरतं. सेकोंदोखाली ते घालायचा तिला धीर झाला नाही. एका रविवारी मात्र त्यानंच ते बघितलं. तिच्या खालच्या फडक्याकडे बघितलं, मग सीटकडे, मग स्वतःच्या बोटाकडे. अंगठी तिथं नव्हतीच. त्याचा अंगठा रफूवरून उठला.

"चला, उतरा," तो कुजबुजला. "गिऱ्हाईक येईल."

त्यानंतर तो निळ्या गाडीतही बसला नाही.

सेकोंदो दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत गेला. शेवटचे दिवस इस्पितळात होता. पांढऱ्या चादरीवर निजायला तयार नसायचा. परिचारिकेनं रोज त्याच्यासमोर त्याच्या रिकाम्या बोटावरून अंगठी काढल्यासारखं करावं, तेव्हा निजायचा. रावेराला नंतर हाताचा कंप सुटला, दवाखाना बंद झाला. निळी गाडी पाटीसकट हॉलंडमधल्या कुणीतरी घेतली, आणि तिच्याबरोबर रफूही गेलं. गाडी न्यायला आले तेव्हा रावेरानं इर्माला फोन करून कळवलं होतं. वाल्तेर आता रिवोलीला राहतो. मेळाव्यांना जात नाही. लोक ग्रीजाबद्दल विचारतात, मोठमोठे आकडे बोलतात. तो म्हणतो, ती दुरुस्तीला गेलीय.

इर्मा त्याच्याकडेच असते. वर्षातून एकदा तपासणीसाठी ग्रीजा बाहेर काढावी लागते, तेव्हा ती हट्टानं बरोबर जाते. कपाटातलं एक दुमडल्या कडांचं फडकं काढते, लाल चामड्यावर पसरते, आणि मगच बसते. रेडिओ चालू आहे, पण कुणी लावत नाही. ती गातही नाही. लांझोच्या फाट्याशी सिग्नलला गाडी थांबली की वाल्तेर आपल्या बाजूची काच बटणानं खाली करतो, वर करतो, पुन्हा खाली करतो.